कुत्र्याची खाज: रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

रात्री दोन वाजता खाटेखालून चपचप आवाज येतो. लॅब्रॅडॉर पंजे चाटत बसलाय. बोटांमधले केस लाळेनं विटकरी झालेत. यामागे बरेचदा अ‍ॅटोपिक डर्मटायटिस ही त्वचेची अ‍ॅलर्जी असते, म्हणजे धुळीतल्या माइट्ससारख्या किरकोळ गोष्टीवर शरीरानं उठवलेलं रान. टी-हेल्पर २ या प्रतिकारशक्तीच्या पेशी चेकाळतात, इंटरल्युकिन-३१ नावाचं प्रथिन सोडतात आणि ते थेट खाजेच्या मज्जातंतूंना डिवचतं. मास्ट पेशींतलं हिस्टामिन असतंच, पण कुत्र्यांत त्याचा वाटा लहान. म्हणून हिस्टामिन अडवणाऱ्या सेट्रिझिनवर फारशी भिस्त ठेवू नये.

ओक्लासिटिनिबची गोळी (अपोक्वेल) इंटरल्युकिन-३१ चा सांगावा पेशीच्या आत पोचवणारा जॅक-१ हा निरोप्या अडवते. काही तासांत फरक दिसतो. सुरुवातीला जास्तीत जास्त १४ दिवस, दिवसातून दोनदा, मग रोज एकदा. मात्र याच निरोप्याकरवी प्रतिकारशक्तीचे इतर निरोपही जातात. त्यामुळे १२ महिन्यांखालच्या पिल्लांना किंवा गंभीर संसर्ग असलेल्यांना ती देत नाहीत.

लोकिव्हेटमॅब (सायटोपॉइंट) हे इंजेक्शन म्हणजे प्रतिपिंड. फक्त इंटरल्युकिन-३१ ला पकडतं, बाकीच्यांना हात लावत नाही. असर साधारण ४ ते ८ आठवडे. वयाची अट नाही, यकृत-मूत्रपिंडावर ताण नाही.

माझा कल? कान लालबुंद, त्वचा सुजलेली असेल तर गोळी, कारण इंजेक्शन खाज शमवतं, दाह तितका नाही. म्हातारा कुत्रा, किंवा पेढ्यातली गोळीही शिताफीनं थुंकणारा असेल तर इंजेक्शन. अर्थात आधी पिसवा आणि यीस्टचा (त्वचेवरच्या बुरशीचा) बंदोबस्त हवा. ते राहिले तर दोन्हींचे पैसे पाण्यात.