किलोमीटर नोंदवणारं ॲप: दोन वर्षांचा अनुभव

मी स्वतःची गाडी टॅक्सी-ॲपवर चालवते. पहिल्या वर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात खात्यात जमा झालेली रक्कमच उत्पन्न म्हणून लिहिली आणि चांगलीच अडकले. कंपनीच्या वार्षिक तक्त्यात प्रवाशांनी दिलेलं पूर्ण भाडं होतं. भाडं उत्पन्नात आणि कापलेलं कमिशन खर्चात दाखवायचं असतं, हे तेव्हा समजलं. मग हे ॲप घेतलं.

गाडी हलली की नोंद आपोआप सुरू होते. रात्री प्रत्येक फेरी धंद्याची की घरची, एवढंच ठरवायचं. प्रवाशाला घ्यायला रिकामी गेलेली गाडी कंपनीच्या तक्त्यात दिसत नव्हती, इथे दिसते. माझ्यासाठी हाच खरा फायदा! महिन्यात १,५०० किलोमीटरपैकी १,२०० धंद्याचे असले, तर इंधन, विमा, दुरुस्ती, घसारा (वापरामुळे गाडीची दरवर्षी घटणारी किंमत) यांचा ८० टक्के भाग धंद्याच्या नावावर टाकते, आणि त्याला पुरावा असतो.

पावत्यांचे फोटोही ठेवता येतात. पेट्रोल पंपाच्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते.

एक दोष मात्र आहे. फोन बॅटरी वाचवायला लागला की नोंद गुपचूप बंद पडते; एकदा माझे सलग चार दिवस गेले. आता दर १ तारखेला ओडोमीटरचा फोटो काढते.

आगाऊ कराची, म्हणजे वर्षभरात हप्त्यांनी आधीच भरायच्या प्राप्तिकराची, आठवण ॲप देत नाही. आपला कर कापणारा मालक नसतो, तेव्हा दर आठवड्याच्या कमाईतला हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते. ती आठवण यात हवीच होती. पाचपैकी चार तारे.