दादांच्या जुन्या फोनवर लिनिएजओएस: पैठण गेटचं दुकान आणि सेलूचं दुकान

दादांचा फोन २०१९ सालचा. ३ जीबी रॅम, विहिरीच्या कठड्यावर पडल्याचा पाठीवर चरा, आणि खाली इअरफोनचं गोल छिद्र, जे आताच्या बऱ्याच फोनला नसतं. कंपनीचं शेवटचं अपडेट २०२१ मध्ये आलं, मग बंद. परभणीला सर्व्हिस सेंटरात विचारलं तर उत्तर मिळालं, "आता याला काही येणार नाही, नवीन घ्या." दादा मानवतच्या मोंढ्यात कापूस घालून नुकतेच आले होते. नव्या फोनचा विषय काढला तर म्हणाले, "ह्याला काय झालंय? बोलायलाय, ऐकायलाय. चालत्या बैलाला कोणी बाजार दाखवतं का?"

मला त्यांचं पटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मोबाईल दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही. पण धडधाकट यंत्र केवळ आतलं सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून कपाटात पडतं, हे मला बघवत नाही. म्हणून कस्टम ऑपरेटिंग सिस्टीमची वाट धरली आणि या फोनवर दोन ठिकाणी सॉफ्टवेअर मारून घेतलं. दोन्ही अनुभव सविस्तर लिहिते, कारण पहिल्यासारखा अनुभव कोणाला येऊ नये असं मनापासून वाटतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. तो घेऊन स्वयंसेवक आपापल्या फोनसाठी नवी आवृत्ती तयार करतात. लिनिएजओएस हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्याच्या आधी सायनोजेनमॉड होतं, २००९ पासूनचं. त्याच्या मागं उभी राहिलेली कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये सगळं गुंडाळून मोकळी झाली, आणि त्याच महिन्यात काम करणाऱ्या लोकांनी तोच कोड उचलून लिनिएजओएस या नावानं पुढं चालवला. लिनिएज म्हणजे वंश. मालक गेला तरी पेरणी चुकली नाही, हे मला या प्रकल्पात फार मोलाचं वाटतं.

आता पहिलं दुकान. दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरला नणंदेकडं गेले होते. पैठण गेटला मोबाईलची दुकानं ओळीनं होती, त्यातल्या एकात फोन दिला. "अर्ध्या तासात नवं अँड्रॉइड मारून देतो, ६०० रुपये." त्यानं फक्त मॉडेल विचारलं. बॅकअप घेतला का, हे विचारलं नाही. मला वाटलं, आतलं आहे तसं राहील.

तसं राहत नाही. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा भाग, अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. चोरानं फोन अनलॉक करून आतलं वाचू नये म्हणून ती सोयच तशी केलेली आहे. दादांनी त्या फोनवर माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या, एकूण २३. मेमरी कार्डावर ९ होत्या, त्या वाचल्या. फोनच्या पोटातल्या १४ गेल्या. आत्या आता नाही. दुकानदाराला या ओव्यांची कल्पना असायचं कारण नव्हतं, पण "यात काही ठेवायचं आहे का" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

दुसरं दुखणं गावी गेल्यावर कळलं. दादांचं सिम जिओचं. इंटरनेट चालायचं, व्हॉट्सअॅप चालायचं, पण फोन लागायचा नाही. तीन दिवस मी रेंजला दोष देत बसले. नंतर समजलं की जिओला २जी-३जी नाहीच, त्याचा साधा कॉलसुद्धा ४जीच्या नेटवर्कवरून, म्हणजे व्होल्टीनं जातो. टाकलेल्या रॉममध्ये, म्हणजे फोनवर मारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, व्होल्टी चालत नसेल तर त्या सिमवर कॉल होणारच नाही. सत्तरी पार केलेला माणूस शेतात एकटा आणि त्याचा फोन लागत नाही, ही काळजी ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना सांगायला नको. दुकानात परत विचारलं तर म्हणे, रॉम बनवणाऱ्यानं अपडेट काढलं की या. रॉम कोणी बनवला, अधिकृत आहे की कोणीतरी घरी बनवलेला, हे त्याला सांगता आलं नाही. त्या फोनला रूटही करून ठेवलं होतं, म्हणजे आतल्या सिस्टीमचे सगळे अधिकार उघडे करून ठेवले होते, न विचारता.

जानेवारीत शाळेतल्या एका सरांनी सेलूतलं दुसरं दुकान सांगितलं. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला एकच शटर, आत सोल्डरिंगचं टेबल, मायक्रोस्कोप आणि एक जुना लॅपटॉप. चालवणारा मुलगा पंचवीस-सव्वीसचा. मी मॉडेल सांगायला लागले तर त्यानं थांबवलं. "ताई, नाव नका सांगू, कोडनाव बघू आपण."

हे कोडनाव प्रकरण समजून घ्या, त्यावर सगळं अवलंबून आहे. प्रत्येक मॉडेलला बनवणाऱ्यांनी ठेवलेलं एक आतलं नाव असतं. त्यानं मला उदाहरण दिलं: रेडमी नोट ७ म्हणजे लव्हेंडर आणि रेडमी नोट ७ प्रो म्हणजे व्हायोलेट. डब्यावर फक्त 'प्रो'चा फरक, पण आत चिप वेगळी. एकाची फाईल दुसऱ्यावर मारली तर फोन डेड होऊ शकतो. आमच्या फोनचं कोडनाव त्यानं लॅपटॉपला जोडून तपासलं आणि कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं. ते अजून तिथं आहे.

मग त्यानं लिनिएजओएसच्या विकीवरचं, म्हणजे त्यांच्या माहितीच्या संकेतस्थळावरचं, आमच्या फोनचं पान उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. प्रत्येक अधिकृत फोनला असं स्वतंत्र पान आहे, त्यात कोणत्या क्रमानं काय करायचं ते लिहिलेलं. "ताई, पान पूर्ण वाचल्याबिगर मी वायर लावत नसतो. तुम्हीबी वाचा." इंग्रजीत होतं, पण सरळ इंग्रजीत. तिथंच सुरुवातीला एक इशारा आहे: आधी कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर फोन चालू करा, कॉल आणि मेसेज येतात-जातात का बघा, तिथं चालत नसेल तर लिनिएजवरही चालणार नाही. काही फोनांत तर व्होल्टी एकदा मूळ सॉफ्टवेअरवर वापरून झालेलं असावं लागतं. पैठण गेटला हीच पायरी गाळली गेली असणार.

म्हणून त्यानं आधी उलटं काम केलं. कार्ड काढून माझ्या हातात दिलं, "हे तुमच्यापाशी ठेवा," आणि फोनमध्ये जे काही नवं साठलं होतं ते पेनड्राइव्हवर उतरवलं. मग आधीचा रॉम काढून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत मारलं, जिओचं सिम घातलं आणि मला म्हणाला, लावा कोणाला तरी. मी काकांना लावला. रिंग गेली. काका "हॅलो, कोण?" म्हणाले तेव्हा मला भरून आलं, कारण अडीच महिन्यांनी या फोनवरून कोणाचा तरी आवाज ऐकू येत होता. तेव्हा कुठं पुढचं काम.

पुढचं काम बघायला छोटं आहे. आधी लिनिएजची स्वतःची रिकव्हरी, म्हणजे नवं सॉफ्टवेअर आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, टाकायची, मग लॅपटॉपवरून मुख्य फाईल सोडायची. याला साइडलोड म्हणतात. फाईल उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, जुळतो का हेही त्यानं बघितलं. अर्धवट उतरलेली फाईल मारणं म्हणजे भिजलेलं बियाणं पेरणं, असं तो म्हणाला. लाईट गेली तर मधे अडकू नये म्हणून लॅपटॉपची आणि फोनची बॅटरी आधी भरून घेतली होती. आणि खरंच मधे लाईट गेली. पंखा थांबला, काम थांबलं नाही.

फाईल किती गेली ते दाखवणारा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन अडकला आणि खाली इंग्रजीत 'वाचता आलं नाही' अशा अर्थाची ओळ आली. माझ्या पोटात गोळा आला. त्यानं शांतपणे पानावरची ओळ दाखवली: काही वेळा आकडा ४७ वरच थांबतो, काम मात्र झालेलं असतं. एवढी बारीक गोष्ट कोणीतरी आधी अनुभवून, आपल्यासाठी लिहून ठेवलेली आहे. त्या क्षणी मला कळलं की सपोर्ट म्हणजे काय. टोल फ्री नंबर नव्हे. घाबरण्याच्या जागी आधीच लिहून ठेवलेली ओळ.

गुगलचं प्ले स्टोअर हवं असेल तर ते फोन पहिल्यांदा चालू होण्याआधीच टाकावं लागतं, नंतर नाही. ते टाकताना सही जुळत नाही असं रिकव्हरी सांगते, कारण ती फाईल लिनिएजची नसते. तिथं 'हो' म्हणायचं. पहिल्यांदा चालू व्हायला पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकतात, तेव्हा घाईनं बटण दाबू नये. आमचा फोन त्याआधीच चालू झाला. आवृत्ती २१, म्हणजे अँड्रॉइड १४. ३०० रुपये घेतले. सोबत वहीच्या पानावर तारीख, आवृत्ती आणि फाईलचं पूर्ण नाव लिहून दिलं.

वापराचं सांगायचं तर दादा खूश आहेत. पहिल्याच पडद्यावर मराठी निवडता आली. न मागितलेली अॅप नाहीत, मधेच उगवणाऱ्या जाहिराती नाहीत. फोन अडखळत नाही, कीर्तन लावून तासभर खिशात ठेवलं तरी तापत नाही. अपडेट साधारण दर आठवड्याला येतं. मी महिन्यातून एकदा, दादा सेलूला आले की घरच्या वायफायवर करून देते. फोटो थोडे साधे येतात, कारण कंपनीचं कॅमेरा अॅप गेलं. पिकावरची कीड दाखवायला ते पुरतात.

बँकेचं मात्र स्पष्ट सांगते. दादांच्या बँकेचं अॅप या फोनवर उघडत नाही. बूटलोडर उघडा आहे, हे गुगलच्या तपासणीत दिसतं आणि त्यावरून काही बँका नकार देतात. त्यावर फसवे उपाय सांगणारे भरपूर भेटतात. सेलूच्या मुलानं ते करायला साफ नकार दिला. "पैशाच्या अॅपला फसवून चालवायचं नसतं, ताई." दादांचे व्यवहार पासबुकावर आणि माझ्या फोनवर चालतात, म्हणून आमचं निभावलं. तुमचा सगळा कारभार त्याच फोनवरच्या यूपीआयवर असेल तर हे करण्याआधी दहादा विचार करा. बूटलोडर परत लॉक करू म्हणून कोणी सुचवलं तरी करू नका, फोन कायमचा बंद पडू शकतो. शिवाय काही कंपन्या बूटलोडर अनलॉकच करू देत नाहीत, तिथं हा विषयच संपतो.

आता प्रकल्पाच्या सपोर्टबद्दल. मार्चमध्ये दादांचे व्हॉइस मेसेज मुके यायला लागले. कॉलवर आवाज होता, व्हॉट्सअॅपवर नाही. मी लिनिएजओएसच्या लोकांच्या ऑनलाइन गप्पांच्या खोलीत इंग्रजीत विचारलं. नीट उत्तर हवं असेल तर तिथं विचारायची एक रीत आहे: कोडनाव, आवृत्तीची तारीख, कंपनीच्या सॉफ्टवेअरवर हेच होत होतं का, आणि फोन रूट केलेला आहे का. वहीचं ते पान समोर होतं म्हणून मला सगळं लिहिता आलं. "माझ्या फोनला नवी आवृत्ती कधी येणार" हे विचारलेलं त्यांना आवडत नाही. ही माणसं नोकरी-धंदा सांभाळून हे करतात, हे लक्षात घेतलं की त्यात वावगं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी एका ओळीत उत्तर आलं: वरची पट्टी खाली ओढा आणि माइकचा वापर बंद झालाय का बघा. अँड्रॉइड १२ पासून माइक आणि कॅमेरा एका टिचकीत बंद करायची सोय आहे. दादांचं बोट चुकून तिथं लागलं होतं. चालू केलं, आवाज आला.

पैठण गेटवरच्या त्या दुकानाला माझ्याकडून एक तारा, तोही फोन जिवंत परत दिला म्हणून. लिनिएजओएसला साडेचार, अर्धा बँकेसाठी कापला, जरी तो दोष त्यांचा नाही. सेलूच्या दुकानाला पाच.

तिथं जाणार असाल तर फोनसोबत मूळ वायर आणि एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन जा, आणि घरून निघण्याआधी आपली रेकॉर्डिंगं, फोटो, नंबर दुसरीकडं उतरवून ठेवा. दोन-अडीच तास बसायची तयारी ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. डिस्प्ले आणि चार्जिंगच्या गर्दीत तो हे काम हातात घेत नाही, "पान वाचायला वेळ पाहिजे" म्हणतो. उरलेल्या ९ ओव्या त्यानं माझ्या पेनड्राइव्हवर आणि दादांच्या नव्या कार्डावर अशा दोन ठिकाणी उतरवून दिल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत.