दमलेलं मूल झोपत नाही: वेळ अलीकडे आणावी की पुढे ढकलावी?

आमची लेक साडेचार वर्षांची. गेल्या पावसाळ्यात रोज रात्री नऊला दिवा मालवायचा आणि साडेदहापर्यंत तिच्या टाचा भिंतीवर टप् टप् वाजत राहायच्या. डोळे लाल, जांभयांवर जांभया, पण डोळा काही लागेना. आधी पाणी, मग शू, मग "आई, हत्ती झोपताना सोंड कुठे ठेवतो?" सासूबाई म्हणाल्या, "वेळ टळली की पोर चेकाळतं. आठलाच आडवी कर तिला." मुलांच्या डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं: आणखी उशिरा झोपवा. दोघांचंही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या मुलांच्या बाबतीत.

दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. झोप लागायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, दिवसभर जागं राहून साठत गेलेली झोपेची ओढ. दुसरी, शरीराचं घड्याळ. हे घड्याळ नेहमीच्या झोपेच्या आधीचा तास-दोन तास उलट जास्तच तरतरी देतं. दमलेलं पोर नऊ वाजता पलंगावरून उड्या मारतं तेव्हा बहुतेकदा ते मुद्दाम छळत नसतं. ही गोष्ट पटली तेव्हा माझा आवाज चढायचा थांबला.

आता सासूबाईंचा मार्ग. मूल संध्याकाळी सहा-साडेसहाला रिक्षात पेंगतं, जेवताना कारण नसताना रडतं, सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं, दुपारची झोप नुकतीच सुटली आहे: अशा मुलाची झोप खरोखरच कमी पडते आहे. त्याला अर्धा तास अलीकडे न्या. त्यासाठी जेवण सातला हवं आणि आठनंतर ट्यूबलाइट बंद, कारण झोप आणणारं मेलाटोनिन हे शरीरातलं संप्रेरक प्रखर उजेडात दबतं आणि लहान मुलांमध्ये हा परिणाम फार जास्त होतो. अडचण घराघरातली आहे. बाबा नऊच्या लोकलने येणार, बेल वाजणार, आणि दिवसभर न दिसलेल्या बाबाला सोडून कुठलं मूल झोपेल? आम्ही बेल बंद केली आणि बाबाची वेळ सकाळी ठेवली. तरी आमच्या लेकीला हा मार्ग लागू पडला नाही. आठला आडवी केली तर साडेदहापर्यंत अडीच तास लोळत राहायची, आणि अंथरूण म्हटलं की रडायला लागायची.

ती पडली दुसऱ्या गटातली. काहीही करा, रोज साधारण एकाच वेळी झोपणारी, तोवर अंथरुणात ताजीतवानी. अशा मुलाची वेळ आधी पुढे ढकलायची. पाच-सहा रात्री खरोखर झोप कधी लागते ते लिहून ठेवा. आमचा आकडा होता १०:२०. मग त्याच वेळेला अंथरुणात न्यायचं, त्याआधी अर्धा तास तोच क्रम: दात, शू, गोष्ट, गोधडी. सकाळी उठायची वेळ मात्र रविवारीही तीच. ही अट पाळली नाही तर सगळं मुसळ केरात. दोन-तीन रात्री पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली की १५ मिनिटं अलीकडे यायचं, आणि असं सरकत राहायचं. आम्हाला नऊवर यायला तीन आठवडे लागले.

या मार्गाची किंमत पहिल्या आठवड्यात मोजावी लागते. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. साडेदहा ते साडेसहा झोपलेलं मूल आठच तासांत उठतं, म्हणून शाळेच्या सुट्टीत सुरुवात केलेली बरी. राज्य सरकारने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत असं सांगितलं, तेही मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. शाळा नऊची असेल तर हा मार्ग बराच सोपा होतो.

तिसरा मार्ग म्हणजे रडलं तरी थोडं थोडं थांबून जवळ जाणं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने २०१६ मध्ये ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवर हा मार्ग आणि वेळ पुढे ढकलण्याचा मार्ग ताडून पाहिला. दोन्हींत बाळांना अंथरुणात गेल्यावर लवकर झोप लागू लागली, आणि वर्षभरानंतर आईबापांशी असलेल्या जवळिकीत फरक दिसला नाही. म्हणजे रडू दिल्याने मूल दुरावतं ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही. तरीही मी तो निवडला नाही. वन-बीएचकेत रडं सगळ्या मजल्याला ऐकू जातं, आणि पहिल्या दहा मिनिटांत आजी दार उघडते. घरातल्या सगळ्यांना जमणार नसेल तर सुरूच करू नका. अर्धवट सोडल्यावर मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात रडायचं.

थोपटण्याबद्दल विचारतात म्हणून सांगते: पंधरा मिनिटांत झोप लागत असेल तर खुशाल थोपटा. रात्री दोनला पुन्हा तोच हात मागत असेल तेव्हाच आधी थोपटणं थांबवून नुसता हात ठेवा, मग शेजारी बसा.

कुठलाही मार्ग धरण्याआधी दुपारच्या झोपेकडे बघा. आमच्या पाळणाघरात मुलं पाचपर्यंत झोपलेली असायची. ताईंना साडेतीनला उठवायला सांगितलं, त्याने अर्ध्या तासाचा फरक पडला.

मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल, रात्री पाय चाळवत किंवा दुखतात म्हणत असेल, शीच्या जागी खाजवत असेल तर वेळा बदलत बसू नका. ॲडेनॉइड (नाकामागची वाढलेली गाठ), लोहाची कमतरता आणि जंत हे डॉक्टरांनी बघायचे विषय आहेत. सर्दीचं औषध झोपेसाठी म्हणून पाजू नका, आणि मेलाटोनिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.