सेंट अँड्र्यूजचं 'हिमालयाज': गोल्फमधलं उतारावरचं पटिंग शिकायचं असेल तर इथं जा

एडिनबरोला भाचीकडं गेले होते तेव्हा एक दिवस खास स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावासाठी काढला, आणि खरं सांगते, तिथलं गोल्फचं प्रसिद्ध मैदान ओल्ड कोर्स बघून डोळे भरून आलेच पण शिकायला मिळालं ते त्याच्या शेजारच्या पटिंग कोर्सवर, म्हणजे बॉल जमिनीवरूनच घरंगळत होलमध्ये घालायचा (त्या फटक्याला पट म्हणतात) एवढंच जिथं खेळतात तिथं. नाव हिमालयाज. आपल्याला वाटतं एवढंसं गवत आणि म्हणे हिमालय, पण आत पाय ठेवला की कळतं, टेकाडं खड्डे घसरण सगळं एकाला एक लागून, जरा ओणवं झालं तर मधल्या उंचवट्यामागं होल दिसेनासं होतं.

हा कोर्स 1867 चा आहे. बायकांनी खांद्याच्या वर क्लब, म्हणजे गोल्फची काठी, उचलून फटका मारणं तेव्हा शोभत नाही असं मानायचे, म्हणून त्यांच्यासाठी पटिंगची जागा झाली, तिथलेच नावाजलेले गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी ती आखून दिली आणि तिथल्या लेडीज पटिंग क्लबनी ती दीडशेच्या वर वर्षं जपली. मला हे वाचून फार बरं वाटलं. आज कुणीही जाऊ शकतं, काही पाउंड द्यायचे, पटर (पटिंगची काठी) आणि बॉल तिथंच मिळतो, 18 होल खेळायचे.

आता मुद्द्याचं. मी पुण्यात पटिंगचे धडे घेतलेत एका ठिकाणी, सगळं सपाट मॅटवर, स्ट्रोक सरळ काढा डोकं हलवू नका एवढंच, उताराबद्दल सहा महिन्यांत कुणी अक्षर बोललं नाही याचा मला अजून राग आहे. कारण उतारावर सरळ स्ट्रोक असून भागत नाही, आधी कुठं बघून मारायचं तेच ठरवावं लागतं. इथं पहिल्याच आडव्या उतारावर मी होलकडं बघून जोरात मारला, बॉल होलच्या खालून गेला आणि पार खड्ड्यात. आडव्या उतारावर एकदा बॉल होलच्या खालच्या बाजूला वळला की तो पट संपला, बॉल परत वर चढणार नाही. वरच्या बाजूनं गेला तर निदान होलकडं वळत तरी येतो.

म्हणून दुसऱ्या राउंडला मी होल विसरून गेले आणि फक्त वळणाचा माथा शोधला, म्हणजे जिथून पुढं उतारच बॉलला ओढून नेणार ती जागा. तिथपर्यंत बॉल पोचवायचा, बस्स. भाची म्हणते, "अगं मावशी, होल तिकडं आहे, तू कुठं मारतेस!" मी म्हटलं बघ. बॉल डावीकडं वर गेला, माथ्यावर जवळजवळ थांबला, मग हळूहळू वळत होलपासून हातभर अंतरावर आला. तिनं आयुष्यात कधी पटर धरला नव्हता, पण पुढच्या होलला तिनंही तेच केलं आणि दोन पटमध्ये संपवलं!

आणखी एक, आधी स्पीड ठरवा मग लाइन, म्हणजे बॉल कुठल्या वाटेनं जाणार ते. दोन्ही वेगळं नसतंच. चढावर जोरात मारावं लागतं म्हणून बॉल कमी वळतो, उतारावर हलकं मारतो म्हणून जास्त वळतो, आणि सगळ्यात जास्त वळतो तो शेवटी, स्पीड मरतो तेव्हा. होल 108 मिलिमीटरचं असलं तरी बॉल जोरात आला तर कडेवरून निघून जातो, हळू आला तर कडेकडूनही आत पडतो. पण मग उतारावर नुसतं हळूच मारत राहिलं तर मधेच वळून खाली जातो, त्यामुळे ते जमवायला वेळ लागतो. लाइन दिसत नसेल तर मी एक करते, अंगणात बादलीभर पाणी ओतलं तर कुठं वाहत जाईल ते डोळ्यांपुढं आणते आणि होलभोवती एक चक्कर मारते, तळपायांना उतार डोळ्यांपेक्षा लवकर कळतो. आणि लांबचा पट असेल, एका फटक्यात आत जाणारच नसेल, तर पहिला बॉल होलच्या खाली थांबेल असं बघा, म्हणजे पुढचा पट चढाचा मिळतो.

इथलं गवत टीव्हीवर दिसणाऱ्या ग्रीनइतकं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताइतकं) फास्ट नाही, बॉल त्यावर तेवढा पळत नाही, कुणाला ते खटकेल, मला योग्यच वाटलं. एवढ्या उतारावर गवत फार बारीक कापलं तर बॉल थांबणारच नाही. तसं झालंही आहे, 1998 च्या यूएस ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेत ऑलिम्पिक क्लबच्या मैदानावर 18 व्या होलला अमेरिकन गोल्फपटू पेन स्टुअर्टचा आठेक फुटांवरचा पट होलच्या कडेनं गेला आणि घरंगळत पंचवीसेक फूट खाली. आघाडीवर असलेला माणूस, आणि शेवटी एका स्ट्रोकनं हरला. अशा जागी होल कुठं खणायचं ते ठरवणाऱ्यानंच विचार करायला हवा, खेळणारा काय करणार.

जायचं कसं, तर सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, जवळच्या लुकर्स स्टेशनला उतरून बस पकडायची. हिवाळ्यात बंद असतं आणि क्लबच्या मेंबरांच्या वेळा राखीव असतात तेव्हा आधी वेळ बघून जा. समुद्र अगदी जवळ, वारा असतो, जाकीट ठेवा. आणि एका राउंडमध्ये निघू नका, दुसरा राउंड खेळाच, पहिल्यात नुसते उतार कळतात.