पहिलं वाचन कोणतं: न्यूअर की पटवारी?

राजकीय मानवशास्त्राचा पेपर नव्याने हाती घेणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो: सुरुवात ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या दक्षिण सुदानमधल्या न्यूअर या गुरं पाळणाऱ्या लोकांवरच्या 1940 सालच्या ‘द न्यूअर’ या पुस्तकाने करावी, की मानवशास्त्रज्ञ अखिल गुप्ता यांच्या 1995 सालच्या, लाच आणि सरकार यांवरच्या पटवाऱ्याच्या लेखाने? मी दोन्ही करून पाहिलं आहे. 4 क्रेडिटचा पेपर म्हणजे कागदावर 60 तास. त्यातून गणपती, दिवाळी आणि अंतर्गत परीक्षा वजा केल्या की निवड करावीच लागते. शिवाय पहिले दोन आठवडे मुलं जे वाचतात, त्याच नजरेने ती पुढचं सगळं वाचतात, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षं मी गुप्तांपासूनच सुरुवात करत होतो. त्या लेखातला प्रसंग आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. उत्तर प्रदेशातलं तालुक्याचं गाव, पटवाऱ्याचं घर, त्यातल्या रस्त्यावर दार उघडणाऱ्या खोलीत थाटलेलं दप्तर. जमिनीच्या नोंदीत नाव लावून घ्यायला दोन तरुण येतात, दहा रुपये पुढे करतात आणि बसलेली मंडळी हसतात. किती द्यायचे, कसे द्यायचे, शब्द कोणाकडे टाकायचा, यातलं काहीच त्या दोघांना ठाऊक नसतं. पटवाऱ्याच्या जागी तलाठी ठेवा, नोंदीच्या जागी फेरफार. वारसनोंदीसाठी खेटे घालणारं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या घरात असतंच. घर कुठे संपतं आणि कचेरी कुठे सुरू होते हे त्या खोलीत सांगता येत नाही, हा लेखाचा मुद्दाही तिथेच डोळ्यांसमोर उभा राहतो.

अडचण पुढे येते, आणि माझा निर्णय तिनेच झाला. वर्ग भरभरून बोलतो, पण लेखाबद्दल नाही. पहिला मुलगा स्वतःच्या तलाठ्याची गोष्ट सांगतो, दुसरा मोजणीची, तिसरी शिष्यवृत्तीच्या दाखल्याची. तास संपतो, सगळे समाधानाने उठतात. मग उत्तरपत्रिका हातात येतात आणि एकामागून एक तेच वाक्य: ‘भ्रष्टाचार ही समाजाला लागलेली कीड आहे.’ अर्धा वर्ग एमपीएससीची तयारी करत असतो आणि हे वाक्य निबंधाच्या सरावातून आलेलं असतं, त्यामुळे मी मुलांना दोष देत नाही. पण ती मंडळी हसली का, लाच देणंही शिकावं लागतं का, हा खरा प्रश्न कोणीच घेत नाही. मी प्रश्नाची भाषा बदलून पाहिली, फळ्यावर तो मोठ्या अक्षरांत लिहून पाहिला. पुढच्या वर्षी पुन्हा कीड.

‘न्यूअर’चीही एक कटकट आहे, ती लपवत नाही. वंशशाखांची रचना, म्हणजे एकाच पूर्वजाच्या शाखा आपसात भांडतात पण बाहेरच्याविरुद्ध एक होतात हा भाग, आली की मागच्या बाकावरून आवाज येतोच: “सर, ही तर आमच्याकडची भाऊबंदकी!” मात्र ही कटकट मला उपयोगी पडते. मी विचारतो, तुमच्या बांधाचा वाद शेवटी कुठे गेला? मोजणीला, तहसीलदाराकडे, दिवाणी कोर्टात. मग न्यूअरांकडे कोर्ट कुठलं? तिथे खून झाला तर बिबट्याचं कातडं पांघरणारा मध्यस्थ दोन्ही बाजूंना बोलतं करतो आणि 40 ते 50 गुरांची भरपाई ठरते. त्याच्या हाती शिपाई नाही, हुकूम नाही. तरी लोक त्याचं ऐकतात, ते का? या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं, म्हणून मुलं पुन्हा पुस्तक उघडतात.

भाषेचंही सांगायला हवं. इव्हान्स-प्रिचर्ड यांचं इंग्रजी साधं, वाक्यं आखूड. मराठी माध्यमातून आलेली मुलं शब्दकोश घेऊन प्रकरण पुरं करतात. गुप्तांचा प्रसंग तीही आवडीने वाचतात, पण सैद्धांतिक पानांवर त्यांची गाडी अडते.

‘न्यूअर’वर रास्त आक्षेप आहे तो वसाहतीचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश राजवटीला पुस्तकात जागाच नाही, हा. 1930 साली लेखक तिथे असताना सरकारी फौजेने पहाटे तळाला वेढा घातला, बंडातल्या दोन भगतांचा शोध घेतला, ओलीस नेले. हे प्रस्तावनेत चार ओळींत येतं आणि पुढच्या प्रकरणांत सरकार जवळजवळ दिसेनासं होतं. म्हणून प्रस्तावना मी कधीच गाळत नाही. तिच्यातला चुओल नावाच्या माणसाशी झालेला संवाद दोन विद्यार्थ्यांकडून मराठीत वाचून घेतो. नाव विचारलं की चुओल उलट विचारतो, तुला माझं नाव हवंय? कुळाचं नाव विचारल्यावर म्हणतो, ते घेऊन काय करणार, तुझ्या देशात नेणार का? वर्ग आधी हसतो. मग एकदा एका मुलीने सांगितलं की तिची आजी सर्वेक्षणाला आलेल्यांना शेळ्यांचा खरा आकडा कधी सांगत नसे. वर्ग एकदम शांत झाला. सत्तेला उत्तर न देणं हेही राजकारण आहे, हे त्यानंतर मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तुमच्या वर्गात नोकरी करणारे, प्रशासनात मुरलेले विद्यार्थी जास्त असतील, तर कदाचित गुप्तांपासून सुरुवात बरी पडेल. माझ्यासारखा वर्ग असेल तर ‘न्यूअर’ची प्रस्तावना आणि चौथं प्रकरण आधी द्यावं, पाचव्यातलं लागेल तेवढंच. त्यालाच जोडून शॅरन हचिन्सन यांच्या न्यूअरांवरच्याच 1996 सालच्या पुस्तकातला पैसा आणि गुरांवरचा भाग द्यावा, नाहीतर न्यूअर अजून 1930 सालातच आहेत असं मुलांना वाटतं. पटवारी सातव्या आठवड्यात.

गेल्या सत्रात मी याच क्रमाने गेलो. पटवाऱ्याच्या तासाला तलाठ्यांच्या गोष्टी निघाल्याच, पण तिसऱ्या गोष्टीनंतर एका मुलाने हात वर केला: “सर, ते दोघं पुढच्या वेळी नीट पैसे द्यायला शिकले असतील, तर कोणाकडून?”