सातबारा मागणारा म्हापशाचा माणूस

नव्वद हजार चारशे रुपये. आकडा आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. बारा वर्षं म्हापशाच्या कोर्टात उभा राहिलेला, दुसऱ्यांच्या फसवणुकीच्या तक्रारी लिहून देणारा मी, 'अशील मिळवून देतो' म्हणणाऱ्यांच्या जाळ्यात अलगद सापडलो.

फोन आला तो शुक्रवारी. बाजारामुळे गाडी लावायला जागा नाही आणि ऑफिसात चिटपाखरू नाही, असा आमचा शुक्रवार. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, गुगलवर म्हापशातले वकील शोधले तर तुमच्या मागून सनद घेतलेले चौघे वर दिसतात. तुम्ही दिसतच नाही." दुखऱ्या जागीच बोट ठेवलं. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा आज पर्वरीला हायकोर्टात रोज उभा असतो, आणि माझ्याकडे मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्यांचे, जुने दावे नि इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारशाच्या वाटणीच्या, तारखा. लोभ होता, मान्य. पण पाच तारखेला ऑफिसचं भाडंही द्यायचं होतं.

पुढची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. नोंदणी ११,८००. वेबसाइट २३,६००. जाहिरातीचं बजेट ४०,०००. आणि शेवटी 'पूर्ण परत मिळणारी' अनामत १५,०००, ती एका क्यूआर कोडवर. स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. "आमचे अकाउंटंट आहेत सर." मी पिन दाबला. पैसे कुणाच्या नावाने जातात ते पिन दाबायच्या आधी वाचा. मी वाचलं होतं, तरी दाबला.

पण चीड येते ती त्या क्षणाची नाही. पहिल्या पंधरा दिवसांत अकरा 'लीड', म्हणजे त्यांनी पाठवलेले होऊ घातलेले अशील, आल्या. तिसरी लीड एका माणसाची होती. "साहेब, भावाने सातबाऱ्यावर परस्पर आपलं नाव लावून घेतलंय. जमीन म्हापशातच."

सातबारा! अहो, गोव्यात जमिनीचा उतारा म्हणजे वन-फोर्टीन, फॉर्म एक आणि चौदा. म्हापशाचा माणूस झोपेत बरळला तरी सातबारा म्हणणार नाही. मी तो शब्द ऐकला, कानाला खटकला, आणि मीच त्याची वकिली केली: दोडामार्गाकडचा असेल, तिकडचा शब्द तोंडात बसला असेल. लगेच नवी फाइल काढून तिच्यावर जाड स्केचपेनने त्याचं नाव घातलं. "सोमवारी कागद घेऊन येतो" म्हणाला होता. फाइल अजून कपाटात आहे, आत एक पान नाही.

पाठोपाठ पणजीच्या एका बाईंना हिंदू विवाह कायद्याखाली संमतीने घटस्फोट हवा होता. तो कायदा गोव्यात लागूच नाही, आपल्याकडे घटस्फोट पोर्तुगीजांच्या १९१० च्या कायद्याखाली होतो. बाईंना ते कुठून माहीत असणार, म्हणून ते सोडून दिलं. पण सातबारा? बाहेरच्या राज्यासाठी लिहिलेलं नाटक फक्त गावाचं नाव बदलून माझ्यापुढे वाचलं जात होतं, आणि मी टिपणं काढत होतो.

बिल नंतर नीट पाहिलं. वर 'प्रायव्हेट लिमिटेड', पत्ता पणजीचा. जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. गोव्याचा ३० ने सुरू होतो. पुढच्या दहा अक्षरांत पॅन असतो, त्याचं चौथं अक्षर कंपनी असेल तर 'सी'. इथे 'पी', म्हणजे एकटा माणूस. क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं, फुकट. दुसऱ्यांचे दस्त वाचायचे मी पैसे घेतो हो!

वेबसाइट उघडली तर 'गोव्यातील नंबर वन वकील, विजयाची हमी'. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र, एवढंच वेबसाइटवर चालतं. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने वकील पुरवणाऱ्या पोर्टलांना फटकारलं, तेही मी वाचलं होतं. मला 'माहितीपर पान' करतो असं सांगितलं होतं. पान काढा, पैसे परत द्या म्हणालो तर उत्तर आलं: "काढण्याचे २५,००० लागतील सर. की स्क्रीनशॉट बार कौन्सिलला पाठवू?" तेव्हा कळलं की हे लोक वकीलच का निवडतात. ते २५,००० मात्र दिले नाहीत. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यांच्याच नावावर आहे. तुमची वेबसाइट असेल तर तिचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आज तपासा.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत." अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लगेच केला तरच पैसे वाटेत अडवता येतात. मला शहाणपण यायला ४७ दिवस लागले. पोलीस ठाणं कुठलं ते लिहीत नाही, अशिलांसाठी मला तिथे जावंच लागतं. हवालदार हसला. "वकीलसायब, तुमीच दिल्यात मू पयशे?" वरचे म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. मला सांगतात! फसवणुकीचं कलम चारशेवीसचं आता तीनशे अठरा झालं, पण 'सिव्हिल मॅटर' म्हणून वाटेला लावायची सवय तीच. तीन खेपा झाल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा संगणक बंद, एकदा "लेखी आणा". लेखी नेलं तर "इतकं लांब कशाला लिहिलंत?"

पुढची वाट मला पाठ आहे. पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे तपासाचा आदेश मागणारा कलम १७५(३) चा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. अशिलांसाठी असे कितीतरी केलेत. माझा मसुदा चौथ्या परिच्छेदात अडलाय: 'अर्जदाराने अशील मिळावेत या हेतूने सदर रक्कम दिली...' हे शपथेवर लिहायचं, आणि खाली सनद क्रमांकासकट सही करायची.

पान अजून चालू आहे. परवा पेडण्याचा माझा जुना अशील कोर्टाच्या पायरीवर मोबाइल पुढे धरून म्हणाला, "सायब, तुमी नंबर वन? मागीर म्हजी केस आठ वर्सां कित्याक?"