शेताचा नकाशा दाखवून कर्जाच्या नावाखाली लुबाडलं: अकरा खातेदार, 1,35,470 रुपये

रक्कम आधीच सांगतो. अकरा खातेदार, प्रत्येकी 10,970 रुपये: नोंदणी 1,180, ‘उपग्रह मोजणी’ 3,540, कर्जविमा 6,250. शिवाय ‘मंजूर रक्कम अडकलीय, टीडीएस भरा’ म्हणून 14,800. एकूण 1,35,470. शेवटचे 14,800 माझे. बाकीचे दहा जण माझ्याकडे बघून आले, हे जास्त टोचतं.

आम्ही सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले द्राक्षवाले. आगाऊ पैसे उकळणारे भामटे आम्हाला माहीत नव्हते असं नाही. पण अवकाळीनं माल गेला, गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीत थकबाकी राहिली, की तीन लाखांपर्यंतचं बिनव्याजी पीक कर्जही बंद. आणि खरड छाटणी, म्हणजे एप्रिलमधली द्राक्षवेलींची छाटणी, कुणासाठी थांबत नाही. हावरटपणामुळे फसले म्हणणाऱ्यांनी एप्रिलमधलं औषध दुकानाचं बिल एकदा बघावं.

अशात कर्ज देणाऱ्या कंपनीचा म्हणून एक माणूस आला. चार लाख, बिनतारण, 6 टक्के. पाच-पाच जणांचे दोन गट, वर एक गटप्रमुख. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेची पद्धत, असं सांगितलं. ती बँक खरी, 1983 सालची, 2006 चं नोबेलही खरं. पण तिथं गट असतो तो तारण द्यायला काही नसलेल्या बायकांना कर्ज मिळावं म्हणून. इथं गट केला तो एकानं भरले की शेजारच्यानं भरावेत म्हणून.

आता नकाशा. तो माणूस मोबाईल हातात धरून बांधावरून फिरला. स्क्रीनवर उपग्रहाचं चित्र, त्यावर लाल रेघ, कोपऱ्यात जमिनीचा गट नंबर आणि ‘0.81 हेक्टर’. सातबाऱ्यावर 0.81 हेक्टरच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथंच कळायला हवं होतं. उघड्या आभाळाखाली साध्या मोबाईलचा जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतो, द्राक्षाच्या मांडवाखाली आणखी. 90 मीटर बाय 90 मीटरच्या रानात चारही बाजूंनी नुसते दोन मीटर बाहेर सरकलं तरी सात आरांहून (आर म्हणजे 100 चौरस मीटर) जास्त वाढतात. अकरा जणांचं क्षेत्र आरापर्यंत जुळलं! अहो, आमच्याकडे वहिवाट आणि सातबारा दोन सख्ख्या भावांचाही जुळत नाही. आकडा मोजणीतून आला नव्हता, आदल्या दिवशी नेलेल्या सातबाऱ्यातून उतरवला होता. त्या चित्रात नवं शेततळंही दिसत नव्हतं, म्हणजे चित्रही जुनं. गावचा गटवार नकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतो, सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. तुमचा गट नंबर स्क्रीनवर आला म्हणून समोरचा बँकेचा ठरत नाही.

खरी मोजणी भूमी अभिलेख खात्याची. अर्ज होतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो.

पावतीही नीट वाचली नाही. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. त्यांचा चौदाच अक्षरांचा होता. पैसे गेले ते कंपनीच्या नाही, एका माणसाच्या यूपीआयवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं डिजिटल कर्जात मध्यस्थाचं शुल्क कर्ज देणारी संस्था भरते, कर्जदार नाही.

ॲप प्ले स्टोअरवरून नाही, व्हॉट्सॲपवरून फाईल पाठवून टाकायला लावलं. त्यानं लोकेशनसोबत फोनबुक आणि मेसेजही मागितले. कर्जाच्या ॲपला फोनबुक मागताच येत नाही. लोकेशनसुद्धा एकदाच, तुमच्या संमतीनं. आम्ही ‘अलाऊ’ दाबत गेलो, आणि आता पाव्हण्यारावळ्यांना फोन जातात.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ अहो, फसवणूक म्हणजे फसून स्वतःच्या हातानं दिलेले पैसेच. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे. मग म्हणाले, समोरचं खातं दुसऱ्या राज्यातलं, हद्द आमची नाही. हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, हे आम्ही सांगायचं? मग शिक्क्याचा खातेउतारा आणा. बँकेत गेलो तर ‘साहेब मीटिंगला, उद्या या’. उद्या गेलो तर ‘अर्ज वरच्या ऑफिसला करा’. अकरा माणसं, छाटणीच्या दिवसांत, चार हेलपाटे, आणि हातात साधी पोचसुद्धा नाही. दर हेलपाट्याला पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत होते, याचं कुणालाही काही वाटलं नाही.

म्हणून ठाण्याची वाट धरण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, त्याच तासात. बारा अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम कागदावर लिहून ठेवा, फोनवर तेच विचारतात. ॲप काढण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो घ्या, आम्ही रागात आधी काढून टाकलं आणि पुरावा गेला. परवाना नसलेला कुणी व्याजानं पैसे देतो म्हणत असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी द्या, कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या तक्रारीच्या पोर्टलवर. दोन्हीकडे पोच मागा.

‘कर्जाची फाईल रद्द करायला 4,999 भरा’ असे फोन आमच्यातल्या तिघांना अजून येतायत. फाईलच नाही, रद्द काय करणार? एक रुपया देऊ नका.